गराजचं दार खाली टेकून परत वर जातं? फोर्सचं बटण पिळण्याआधी हे बघा

बाहेर उणे अठरा, आठ वाजून दहा मिनिटं झालेली, गाडी ड्राइव्हवेवर घुरघुरतेय, मागच्या सीटवर पोरगं दप्तर मांडीवर घेऊन बसलंय. रिमोट दाबला. दार कुरकुरत खाली आलं, जमिनीला टेकलं आणि काहीतरी राहिल्यासारखं परत वर निघालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. "बाबा, त्याला खाली थंडी वाजतेय," असं मागून ऐकू आलं. पुढे कळलं की निदान फारसं चुकीचं नव्हतं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात राहतो आणि हा प्रकार आमच्याकडे सलग चार हिवाळे झाला. डिसेंबरअखेर सुरू, मार्च संपता संपता गायब. दुखणं आपोआप जात असल्यामुळे उन्हाळ्यात त्याची आठवणही होत नाही. पहिले तीन हिवाळे मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. शिडी लावली, ओपनरच्या (छताला टांगलेल्या, दार खालीवर करणाऱ्या मोटरच्या) मागचं 'डाउन फोर्स'चं, म्हणजे खाली येताना दाराने किती रेटायचं ते ठरवणारं, बटण जरा पुढे पिळलं, दार बंद झालं, हात झटकले. चौथ्या वर्षी एका लाकडी फळीने मला घाबरवलं, त्याबद्दल खाली येतंच.

(आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ग्रीसने माखलेला मेकॅनिक आणि चहाचे ग्लास डोळ्यांसमोर येतात. इथे गराज ही घराचीच खोली आणि तिचं दार, बिजागऱ्यांनी जोडलेल्या आडव्या पॅनेलांचं, रोलरांवर दोन्ही बाजूंच्या रुळांतून छताखाली सरकणारं, हे घरातलं सगळ्यात जड हलणारं यंत्र. दोन गाड्यांचं दार सोळा फूट रुंद, सात फूट उंच असतं. वजन शंभर किलोच्या आसपास सहज जातं.)

आधी बघा, परत फिरतं कुठून?

रिमोट बाजूला ठेवा आणि गराजमध्ये उभं राहून भिंतीवरच्या बटणाने दार दोन-तीनदा खालीवर करा. दार कुठल्या जागेवरून परत फिरतं यावरून अर्धं निदान होतं.

खाली यायला निघून लगेचच परत गेलं आणि ओपनरचा दिवा लुकलुकला, तर संशय खालच्या सेन्सरांवर. दर वेळी अधेमध्ये एकाच ठिकाणी अडखळून फिरलं, तर तिथे रोलर, बिजागरी किंवा वाकलेला रूळ काहीतरी अडवतोय. जमिनीला टेकून मग वर गेलं, तर ओपनरचं लिमिट (दार कुठपर्यंत जायचं ते), फोर्स किंवा जमीन. आणि मुळात जमिनीवरून उठायलाच तयार नसेल, तर दाराच्या खालच्या कडेचं रबर बर्फाने चिकटलंय किंवा स्प्रिंग गेलीय.

आमच्याकडे गंमत अशी की एकाच दारात यातले तीन आजार होते आणि ते आलटून पालटून डोकं वर काढायचे. म्हणूनच दर वर्षी केलेला उपाय 'लागू पडला' असं वाटायचं.

सेन्सर, आणि नऊ वाजताचं ऊन

दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण सहा इंचांच्या आत, दोन छोटे डोळे बसवलेले असतात. एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो झेलतो. मध्ये काही आलं की दार खाली यायचं थांबून वर जातं. लहान मुलं दाराखाली सापडून दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला असे सेन्सर किंवा दाराच्या खालच्या कडेला दाबाची पट्टी सक्तीची झाली. तुमच्या ओपनरला यातलं काहीच नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि नवा ओपनर घ्या. त्या यंत्राची कुठलीही ॲडजस्टमेंट करण्यात अर्थ नाही.

दोन्ही डोळ्यांवर बारीक दिवे असतात. बऱ्याच यंत्रांत किरण सोडणाऱ्यावर पिवळसर आणि झेलणाऱ्यावर हिरवा. हिरवा दिवा विझलेला किंवा थरथरत असेल तर किरण नीट पोचत नाहीये. कोळ्याचं जाळं, सुकलेला चिखल, मुलाच्या सायकलने वाकवलेली पट्टी, टेकवून ठेवलेला झाडू ही नेहमीची कारणं. काच सुती फडक्याने पुसा, पट्टी हाताने हळूच वळवत हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत आणा, मग नट आवळा. आवळताना तो पुन्हा हलतो, म्हणून एका हाताने धरून दुसऱ्याने आवळायचा.

इथे एक हुकमी चाचणी आहे. दाराखाली कुणी नाही याची खात्री करून भिंतीवरचं बटण सोडू नका, दार पूर्ण बंद होईपर्यंत दाबूनच धरा. एरवी परत जाणारं दार असं मुकाट बंद झालं तर दोष सेन्सरांच्या बाजूचा, कारण बटण दाबून धरलं की यंत्र सेन्सरांचं म्हणणं बाजूला ठेवतं. ही चाचणी म्हणूनच वापरा. रोज अशा पद्धतीने दार बंद करणारी घरं मी पाहिली आहेत आणि तिथे दोन वर्षांचं मूल रांगतंय हेही पाहिलंय.

आमच्याकडे सेन्सर स्वच्छ, सरळ, हिरवा दिवा चालू, तरी शनिवार-रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बाहेर पडताना दार बंद होत नसे. सोमवार ते शुक्रवार आठला मात्र हा विशिष्ट त्रास नाही. आणि ढगाळ शनिवारी दार गुपचूप बंद! ते ढगाळपण लक्षात यायला मला एक अख्खा हिवाळा लागला. आमचं दार पूर्वेकडे. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य आग्नेयेला उगवतो आणि बराच वेळ खालूनच सरकतो. उत्तरेच्या बाजूला बसवलेला, दक्षिणेकडे तोंड करून असलेला झेलणारा डोळा त्या तिरप्या उन्हाने दिपत होता. समोरच्या बर्फावरून परतणारा उजेड वेगळाच. आधी त्याच्यावर टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी कापून चिकटवली. दिसायला गबाळं, पण चाललं. नंतर एका दुपारी ओपनरची विजेची पिन काढून दोन्ही डोळ्यांची अदलाबदल केली, म्हणजे झेलणाऱ्याची पाठ सूर्याकडे झाली. दोन्हींच्या तारा ओपनरच्या त्याच दोन टोकांना जातात, त्यामुळे डोळ्यांजवळ तारा कापून पांढरी पांढरीला, पट्ट्याची पट्ट्याच्या तारेला जोडली की झालं. तो त्रास त्या दिवसापासून संपला.

लाल दोरी

आता खरी परीक्षा. ओपनर म्हणजे दार उचलणारा पहिलवान, असा माझा कित्येक वर्षं समज होता. तसं नाही. दुकानाचं लोखंडी शटर आठवा. चांगल्या स्थितीतलं शटर बारीक चणीचा माणूसही एका हाताने वर ढकलतो, कारण वरच्या नळीतल्या स्प्रिंगा वजन पेलत असतात. गराजचंही तेच. वजन पेलते ती दाराच्या वर, आडव्या दांड्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग. ओपनर फक्त ढकलतो आणि ओढतो.

म्हणून ओपनरला बाजूला काढून दार एकटं कसं वागतं ते बघायचं. दार पूर्ण बंद असताना छताजवळच्या ओपनरच्या रुळावरून लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढा. खट् असा आवाज येतो आणि दार ओपनरपासून सुटतं. (दार उघडं असताना ही दोरी ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर शंभर किलोचं दार सुसाट खाली येईल.) आता हाताने दार उचला. निरोगी दार एका हाताला दहा-पंधरा पौंडांचं ओझं वाटावं इतपत हलकं लागतं. कमरेपर्यंत आणून हात सैल करा, पण काढू नका. दार तिथेच तरंगलं पाहिजे. सरकत खाली आलं तर स्प्रिंग थकली आहे. स्वतःहून वर पळालं तर ती जास्त ताणलेली आहे.

माझं दार गुडघ्यापर्यंत आणतानाच मला धाप लागली. कमरेला आणून हात सैल केला तर ते आमच्या जुन्या वाड्यातल्या मांजरासारखं, आवाज न करता, पण ठामपणे खाली सरकत गेलं. म्हणजे तीन वर्षं तो ओपनर स्प्रिंगेचं काम करत होता, आणि तो दमला की मी त्याला फोर्स वाढवून आणखी राबवत होतो.

साध्या स्प्रिंगेचं आयुष्य दहा हजार वेळा उघड-बंद एवढं धरतात. दिवसाला चार फेऱ्या, वर्षाला साधारण चौदाशे साठ, म्हणजे जेमतेम सात वर्षं. आमच्याकडे दोघं नोकरी करणारे, शिवाय मुलाचे क्लास, बर्फ उपसायचं फावडं आत ठेवायला पुन्हा एकदा, असं धरलं तर सातही वर्षं भरत नाहीत. थंडीत लोखंड ठिसूळ होतं, म्हणून स्प्रिंगा बऱ्याचदा कडाक्याच्या रात्रीच तुटतात. आवाज असा होतो की लोक पोलिसांना फोन करतात. दाराच्या वर बघा, वेटोळ्यांत दोन इंचांची फट दिसली तर ती तुटली आहे. मग ओपनरचं बटण दाबूही नका.

स्प्रिंग बदलायचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि आपल्यातल्या प्रत्येक इंजिनिअरला वाटतं की यात काय एवढं. मीही साडेपाच मिनिटं त्या विचारात होतो. पीळ भरलेल्या स्प्रिंगेत एवढी ताकद असते की पीळ भरायची सळई हातातून सुटली तर मनगट मोडतं. दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या, तार अडकवलेल्या कंसालाही तेच लागू. त्याचे स्क्रू कित्येकदा मुद्दाम लाल रंगवलेले असतात. इथे कारागीर बोलवा. दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही एकदम बदला. एकीनं जितक्या फेऱ्या मारल्या तितक्याच दुसरीनंही मारल्या आहेत.

ग्रीस आणि बर्फ

स्प्रिंगा बदलल्यावर निम्मं दुखणं गेलं. उरलेल्यातलं थोडं निव्वळ आळसाचं होतं. बिजागऱ्या आणि रोलरांचे बेअरिंग कोरडे, आणि कुणीतरी पूर्वी रुळांना चोपडलेलं ग्रीस थंडीत मेणासारखं घट्ट झालेलं. रुळांना ग्रीस लावायचं नसतं. तिथे फक्त फडक्याने पुसायचं. बिजागऱ्या, रोलरच्या मधला बेअरिंग आणि स्प्रिंगेची वेटोळी, एवढ्यांना पांढरं लिथियम ग्रीस किंवा सिलिकॉनचा फवारा, वर्षातून दोनदा. डब्ल्यूडी-४० ची डबी प्रत्येक घरात असते आणि प्रत्येक कुरकुरीवर तीच मारली जाते. ती गंज सोडवायला आणि मळ काढायला उत्तम आहे, पण तिचा थर टिकत नाही. महिन्याभरात कुरकुर परत.

दाराखालचं रबर चिकटतं त्याचं कारण बहुधा आपलीच गाडी. चाकांच्या खोबणीतला बर्फ रात्री वितळतो, पाणी उताराने दाराकडे जातं आणि पहाटे गोठतं. सकाळी तुम्ही बटण दाबता, दार हलत नाही, तुम्ही पुन्हा दाबता. अशाने ओपनरच्या आतलं नायलॉनचं दातेरी चाक झिजतं. मोटर फिरतेय पण साखळी हलत नाही आणि यंत्राखाली पांढरा भुगा पडलाय, असं दिसलं तर तेच झालंय. चिकटलेलं दार प्लास्टिकच्या खरवडणीने किंवा हेअर ड्रायरने सोडवा. उकळतं पाणी ओतू नका, तासाभरात त्याचाच नवा बर्फ होतो. आई गेल्या हिवाळ्यात इथे होती. तिने दोन दिवस हा तमाशा पाहिला आणि तिसऱ्या रात्री मोरीत मारतात तो वायपर मागितला. इथे तो इंडियन ग्रोसरीत मिळाला. झोपण्यापूर्वी दाराजवळचं पाणी दारातून बाहेर ओढून टाकायचं, रबर कोरडं पुसायचं, आठवड्यातून एकदा त्याला सिलिकॉन. दार त्यानंतर चिकटलेलं नाही.

लिमिट आधी, फोर्स नंतर

इतकं होऊनही जानेवारीतल्या ऐन थंडीत दार टेकून परत वर गेलंच. उन्हाळ्यात मी दार बंद असताना खालच्या पॅनेलच्या कडेला समोरासमोर चौकटीवर पेन्सिलची रेघ मारून ठेवली होती. जानेवारीत पाहिलं तर दार त्या रेघेच्या जवळजवळ एक सेंटिमीटर वर थांबलेलं, आणि तरी रबर जमिनीला घट्ट दाबलेलं. म्हणजे जमीनच वर आली होती! घराचा पाया इथे साडेतीन फूट खाली, जमीन गोठते त्या पातळीच्या खाली उतरवलेला असतो. तो हलत नाही. गराजची काँक्रीटची लादी मात्र मातीवर टेकलेली. खालच्या ओलसर मातीत बर्फ धरला की ती फुगते आणि लादी उचलते. ओपनरला बिचाऱ्याला वाटतं अजून एक सेंटिमीटर जायचंय, तेवढ्यात काहीतरी आडवं आलं. तो परत फिरतो. त्याचं वागणं अगदी बरोबर.

याला उपाय फोर्सचा नाही, लिमिटचा आहे. लिमिट म्हणजे दार कुठपर्यंत जायचं ते. फोर्स म्हणजे वाटेत काही आलं तर किती रेटायचं ते. जुन्या ओपनरांना बाजूला लिमिटचे दोन स्क्रू असतात, वरचं आणि खालचं, शेजारी बाण. माझ्या यंत्रात एका पूर्ण फेऱ्याने दार सुमारे दोन इंच सरकतं. मी खालचं लिमिट पाव फेरा वर घेतलं. नव्या यंत्रांत स्क्रू नसतात, वर-खाली बाणांची बटणं दाबून दाराला प्रवास शिकवावा लागतो. झाकणाच्या आत पायऱ्या छापलेल्या असतात. प्रत्येक बदलानंतर एकदा पूर्ण उघडून पूर्ण बंद करून बघायचं, मगच पुढचा बदल.

एक सूचना. मी उत्साहात सात-आठ वेळा लागोपाठ दार खालीवर केलं आणि ओपनर एकदम मेला. घाम फुटला. तो जळला नव्हता, आतला तापमानाचा रक्षक मोटर बंद करून बसला होता. पंधरा मिनिटं चहा पिऊन आलो, सुरू झाला.

लिमिट जमल्यावर फोर्स. तीन वर्षांत पुढे नेलेलं बटण मी जवळपास सुरुवातीला आणलं. मग अगदी किंचित पुढे, एक फेरी, पुन्हा किंचित, असं करत दार जेमतेम न अडखळता बंद होईल तिथे थांबलो. स्प्रिंगा नव्या आणि बिजागऱ्या मऊ असल्याने ते पूर्वीच्या निम्म्याहून कमीवर आलं.

फळी

ही चाचणी मला शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी दाखवली, फोर्स वाढवलेला होता त्या दिवसांत. त्यांनी त्यांच्या गराजमधून दोन-बाय-चारची फळी आणली (नाव दोन-बाय-चार, खरी मापं दीड आणि साडेतीन इंच), दाराखाली मधोमध आडवी ठेवली आणि म्हणाले, बटण दाब. नियम असा की दार फळीला लागल्यावर दोन सेकंदांत परत फिरलं पाहिजे. माझं दार फळीवर बसलं. मोटरचा आवाज जाड झाला. वरचं पॅनेल मध्ये फुगलं, फळी करकरली, आणि दार तसंच दाबत राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या मुलाच्या गमबुटांकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. ओपनर त्या दिवसापासून स्प्रिंगा बदलेपर्यंत बंद. दार आम्ही दोघं मिळून हाताने उचलत होतो.

सेन्सर असताना ही कशाला, असं वाटेल. सेन्सर सहा इंचांवरची एकच रेघ बघतो. बोनेटएवढ्या उंचीवर दाराच्या वाटेत आलेलं डोकं किंवा गाडीचा उघडा डिकीचा दरवाजा त्याला दिसत नाही. तिथे फोर्सचाच आधार. फळीची चाचणी महिन्यातून एकदा आणि लिमिट-फोर्सला हात लावला की लगेच. नापास झालं तर लिमिट किंचित खाली, फोर्स किंचित कमी. तरीही नापास तर ओपनरची पिन काढून ठेवा आणि माणूस बोलवा.

रिमोटबद्दल थोडक्यात. भिंतीवरचं बटण चालतं आणि कुठलाच रिमोट चालत नाही, तर भिंतीवरच्या पॅनेलचं 'लॉक' दाबलं गेलंय का बघा. आमच्याकडे दप्तर घासून दाबलं जायचं. एकच रिमोट मंदावलाय, तर सेल. आणि अगदी जवळ आल्याशिवाय रिमोट चालत नाही, पण परवापर्यंत चालत होता, तर ओपनरमध्ये नवा एलईडी बल्ब लावलाय का आठवा. काही स्वस्त बल्बांतून निघणारा गोंगाट रिमोटच्या लहरींना बुडवतो. बल्ब काढून बघितला की एका मिनिटात कळतं.

सध्या लिमिटचा स्क्रू पाव फेरा वर आहे. लादी खाली बसली की दाराखाली फट पडेल आणि उंदीर येतील, म्हणून भिंतीवरच्या बटणाशेजारी पांढऱ्या टेपवर लिहून ठेवलंय: 'एप्रिल, पहिला रविवार, पाव फेरा खाली, मग फळी.'